न घासलेली बाजू : जुन्या हिऱ्यांचे पैलू ओळखण्याविषयी

जुना हिरा समोर आला की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : खरा आहे का, आणि वजन किती. दोन्ही रास्त आहेत. पण त्यांची उत्तरे मिळाली की चौकशी थांबते, आणि जुन्या हिऱ्याकडून सर्वांत जास्त माहिती काढून घेणारा तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. या हिऱ्याला पैलू कोणत्या पद्धतीने पाडले आहेत, ते पाडणाऱ्याने कशासाठी पाडले, आणि दगडाचा कोणता भाग त्याने मुद्दाम तसाच सोडला? चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या वाचकाला हा प्रश्न इतर कोणाहीपेक्षा जवळचा वाटायला हवा. महाराष्ट्रात हिऱ्याच्या खाणीचा जुना आणि सलग बोलबाला असलेले ठिकाण याच जंगलपट्ट्यात आहे, आणि त्या खाणीतून निघालेल्या दगडांवर त्यांचा पत्ता कुठेच लिहिलेला नाही. या प्रस्तावनेत एकच गोष्ट पटवून द्यायची आहे : जुन्या भारतीय हिऱ्याची ओळख घासलेल्या पैलूंपासून नव्हे, न घासलेल्या बाजूपासून सुरू केली पाहिजे. युरोपात तयार झालेली पैलूंची कालक्रमाची शिडी जशीच्या तशी इथे लावली की जुने दगड चुकीचे वाचले जातात, त्यांची किंमत पडते, आणि शेवटी ते पुन्हा घासायला जातात.

आधी ठिकाणाविषयी. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा होईपर्यंत ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. खोब्रागडी आणि सातनाला या नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव, त्याचा किल्ला आणि भंडारेश्वराचे देऊळ माहीत असणारे पुष्कळ आहेत. इथे हिरे निघत हे सांगितले तर मात्र बरेच जण ती दंतकथा समजतात. ती दंतकथा नाही. कौटिल्याने हिऱ्यांची जी उगमस्थाने दिली आहेत त्यांतले सभाराष्ट्र म्हणजे विदर्भ, असे टीकाकार सांगतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वेणा नदीच्या काठच्या हिऱ्याला निर्मळ म्हटले आहे, आणि ही वेणा म्हणजे वैनगंगा असे अनेक अभ्यासक मानतात. अकराव्या शतकात पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या तमिळ शिलालेखांत वयिरागरम् येथे हत्ती पकडल्याचा उल्लेख आहे. ते ठिकाण वैरागडच, असे जुन्या लेखांचे अभ्यासक धरतात. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास माहूरच्या मोहिमेत गोंडवनाच्या मुलखातली कळंबची हिऱ्याची खाण ताब्यात घेतली, असे फेरिश्ता लिहितो. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याचा गोंड राजा बाबाजी, त्याचे हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ यांच्या जोडीला वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली आहे. राजाने हे ठिकाण नुकतेच दुसऱ्या एका सरदाराकडून जिंकले, तिथे नक्षीचे कापड विणले जाते आणि रानहत्ती पुष्कळ आहेत, हेही तो सांगतो. (२०२१ पासून हत्तींचे कळप गडचिरोलीत पुन्हा वावरू लागले आहेत, तेव्हा त्या नोंदीचा तोही भाग आता परका वाटू नये.)

यावर एक शंका घेतली जाते. वैरागड ही खाण नसून फक्त पेठ असेल. हिरे पूर्वेकडून, बस्तरच्या बाजूने येत असतील आणि इथे विकले जात असतील. शंका चुकीच्या दिशेने जात नाही, कारण हा सगळा भूभाग भूशास्त्रज्ञ ज्याला बस्तरचा प्राचीन भूखंड म्हणतात त्याचाच हिस्सा आहे, आणि छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यात मैनपूरजवळ पायलीखंड आणि बेहराडीह इथे हिरा धारण करणारा किंबरलाइट खडक सापडलेला आहे. पण एकोणिसाव्या शतकात व्हॅलेंटाइन बॉल यांनी भारताच्या खनिजांवरचा १८८१ चा ग्रंथ लिहिला, तेव्हा वैरागडजवळच्या नदीकाठी जांभ्याच्या थरातले खोदकाम त्यांनी हिऱ्याची जुनी खाण म्हणूनच नोंदवले. मूळ खडक कुठेही असो, पाण्याने वाहून आणलेल्या आणि जांभ्यात अडकलेल्या खड्यांसाठी इथे खणले जात होते. पेठ असणे आणि खाण असणे या एकमेकींना मारक गोष्टी नाहीत. हिऱ्याच्या प्रत्येक जुन्या ठिकाणी दोन्ही नांदल्या आहेत.

आता अडचणीकडे येऊ. इथून निघालेला कोणताही हिरा आज समोर ठेवला आणि हा वैरागडचाच का असे विचारले, तर दगड उत्तर देणार नाही. घासलेल्या हिऱ्याची खाण केवळ प्रयोगशाळेतल्या तपासणीवरून ठरवता येत नाही. कच्चा दगड आणि घासलेला दगड या दोघांची नोंद एकाच ठिकाणी असेल तरच जुळणी करता येते, आणि जुन्या दगडांच्या बाबतीत तशी नोंद नसते. बाजारात ‘गोवळकोंडा’ हे नाव ज्या पाण्यासारख्या स्वच्छ हिऱ्यांना लावतात ते हिरे त्यांच्यातल्या नायट्रोजनाच्या अभावामुळे वेगळे पडतात. तसे हिरे ब्राझीलमध्येही निघतात आणि आफ्रिकेतल्या लेसोथोमध्येही. म्हणजे ते नाव गुणाचे आहे, गावाचे नाही. त्यात सत्तेच्या उलथापालथीची भर पडली. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे गेले; १८५३ मध्ये नागपूर इंग्रजांनी खालसा केले आणि भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्याला नेऊन विकले. अशा विक्रीत दागिना मोडतो, कोंदण वितळते, खडे वेगळे होतात, आणि कोणता खडा कोणत्या शिरपेचातला होता हे सांगणारे सगळे दुवे तुटतात. उरतो तो दगड आणि त्याच्या अंगावरची घासाई. म्हणून पैलूची परीक्षा हा हौशी लोकांचा छंद म्हणून सोडून देता येत नाही. कागद हरवलेल्या दगडाची ती एकमेव साक्ष आहे, आणि साक्ष म्हटली की ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आधी ठरवावे लागते.

पैलू सर्वांत आधी सांगतो तो मूळ स्फटिकाविषयी. हिऱ्याचा उत्तम वाढलेला स्फटिक आठ त्रिकोणी बाजूंचा असतो, दोन चौकोनी मनोरे तळाशी तळ लावून जोडावेत तसा. सहा टोके, बारा धारा, आठ सपाट बाजू. बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षे’त उत्तम वज्राची लक्षणे म्हणून नेमकी हीच मोजदाद आहे. शास्त्रकारांच्या दृष्टीने ही कारागिराने द्यायची गोष्ट नव्हती. ती दगडाने स्वतः आणायची होती. ‘अगस्तिमता’त तर लोखंडी पात्याने कापलेला किंवा वारंवार घासून झिजवलेला हिरा निकामी होतो, त्याचे शुभ सामर्थ्य निघून जाते, असे स्पष्ट मत आहे. हे केवळ पोथीतले मत नव्हते, बाजारही तसाच चालत होता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इमादशहाच्या मुलखालगतच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख करतो. इमादशाही म्हणजे वऱ्हाड, आणि बॉल यांनी ही खाण वैरागडची मानली आहे. त्याच प्रकरणात तो सांगतो की इथले लोक निसर्गानेच पैलू दिलेल्या हिऱ्याला घासलेल्या हिऱ्याहून अधिक मोल देतात, आणि पोर्तुगीज याच्या उलट करतात. ओर्ताच्या या निरीक्षणाला मी फार महत्त्व देतो. तो व्यापारात मुरलेला माणूस होता, शास्त्राचा अभिमानी नव्हता. त्याला दिसलेला फरक भावातला फरक होता.

युरोपची शिडी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्या पुस्तकांत मिळते. आठ बाजूंच्या स्फटिकाला नुसता उजाळा दिला तो टोकाचा घाट. पंधराव्या शतकात वरचे टोक घासून चौकोनी सपाटी काढली, तो टेबल घाट. सोळाव्या शतकापासून सपाट तळावर त्रिकोणी पैलूंचा घुमट, चोवीसपर्यंत पैलू, तो गुलाबी घाट. आपल्याकडच्या जवाहिऱ्यांच्या बोलीत विलंदी. अठराव्या शतकात ब्राझीलचे हिरे आले आणि अठ्ठावन्न पैलूंचा उशीसारखा गोलसर-चौकोनी घाट रूढ झाला. त्याला आता जुना खाण घाट म्हणतात : वरची सपाटी लहान, माथा उंच, तळाचे टोक कापून ठेवलेले, त्यामुळे वरून पाहिले की मधोमध छोटे वर्तुळ दिसते. १८७० च्या दशकात बॉस्टनमध्ये हेन्री मोर्स यांच्या कारखान्यात कड गोल करण्याचे यंत्र आले आणि पुढे गोल असा जुना युरोपीय घाट पसरला. १९०० च्या सुमारास यंत्रावरची करवत आली, तिने एका स्फटिकाचे दोन तुकडे करता येऊ लागले. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्हस्की यांनी प्रकाशाच्या परावर्तनाचे गणित मांडले, आणि आज दुकानात दिसतो तो गोल हिरा त्या गणितावर उभा आहे. या शिडीच्या प्रत्येक पायरीला एक गृहीत चिकटले आहे : जास्त प्रकाश म्हणजे पुढचे पाऊल. युरोपापुरते ते बरेचसे खरेही आहे.

भारतीय दगडाला ही शिडी लावली की ती मोडते, आणि ती का मोडते ते आपल्याच मुलखातल्या एका हिऱ्यावर सर्वांत स्पष्ट दिसते. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये असलेला ‘शाह’ नावाचा हिरा ८८.७ कॅरटचा आहे. तो लांबट आहे, किंचित पिवळसर आहे, आणि त्याचे मूळ स्फटिकरूप जवळपास तसेच आहे; काही बाजूंना नुसता उजाळा, आणि दोऱ्यात बांधण्यासाठी भोवती कोरलेली खाच. त्याच्या अंगावर तीन लेख आहेत. पहिला अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचा, हिजरी १००० म्हणजे १५९१ च्या सुमाराचा; दुसरा शहाजहानचा, १६४१ चा; तिसरा इराणच्या फतह अली शहाचा, एकोणिसाव्या शतकातला. आता शिडी लावून पाहा. टोकाच्या घाटापाशी, म्हणजे युरोपच्या हिशेबाने चौदाव्या-पंधराव्या शतकात, हा दगड जाऊन बसतो. प्रत्यक्षात तो अडीचशे वर्षे तीन दरबारांत फिरला, प्रत्येक दरबारात त्याला हवा तसा घासण्याइतका पैसा आणि कारागीर हजर होते, आणि तिघांनीही त्यावर नाव कोरणे पसंत केले, रूप बदलणे नाही. ज्या हाताने हिऱ्यावर फारसी अक्षरे कोरली त्या हाताला पैलू पाडता येत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप समोर येतो. हे सगळे असमर्थतेला दिलेले गोंडस नाव आहे; युरोपातल्यासारखी चाके आणि गणित नव्हते म्हणून इथल्या कारागिरांनी न घासण्याला गुण ठरवले. आक्षेपाला आधारही आहे. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात दक्षिणेतल्या खाणींवर गेला होता. युरोपात दगडाला येतो तितका जिवंत उजाळा भारतीयांना देता येत नाही, कारण त्यांची चाके तितकी एकसारखी फिरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे मान्य करायला हवे. जुन्या भारतीय पैलूंवर भिंगातून दिसणाऱ्या खडबडीत रेघा त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतात. पण त्याच तावेर्नियेने पुढे सांगितलेले आक्षेप घेणारे वाचत नाहीत. दगड स्वच्छ असला तर इथले कारागीर वरखाली चाकाला नुसता स्पर्श करून सोडतात, वजन जाईल या भीतीने त्याला घाट देत नाहीत. पण डाग, चीर, काळा ठिपका असला तर त्यावर बारीक बारीक पैलूंची जाळी घालून तो झाकतात. म्हणजे पैलू पाडणे ही कला होती, आणि ती कुठे वापरायची याचा नियम होता. जास्त पैलू ही प्रगतीची खूण नव्हती, दोषाची होती. यातून जुन्या भारतीय दगडाच्या परीक्षकाला एक किल्ली मिळते, जी कुठल्याही युरोपीय तक्त्यात सापडत नाही : बारीक पैलूंची गर्दी दिसली की तिच्याखाली काय लपवले आहे ते शोधा, आणि मोठी, शांत, अखंड बाजू दिसली की ती दगडाची सर्वांत अभिमानाची जागा समजा.

वजनाच्या मोहाचा आक्षेपही याच ठिकाणी निकालात निघतो. मोह होताच, आणि तो आंधळा नव्हता. रत्नशास्त्रांतली दरपत्रके आणि तावेर्नियेचा हिशेब यांत एक गोष्ट समान आहे : वजन दुप्पट झाले तर किंमत दुपटीहून कितीतरी अधिक वाढते. अशा बाजारात दगडाचा चतुर्थांश भाग भुकटी करून चमक मिळवणे हा तोट्याचा सौदा होता. दरबारी नजर वजन आणि अखंडपणा पाहत होती. युरोपीय नजर चमक पाहू लागली. नजर बदलल्यावर काय होते याचे दोन आकडे देतो. कोहिनूर १८६ कॅरटचा होता. १८५२ मध्ये लंडनमध्ये तो पुन्हा घासला गेला तेव्हा १०५.६ कॅरट उरला. चाळीस टक्क्यांहून अधिक दगड धूळ झाला, आणि ज्या मुघली घाटाने तो शतकानुशतके ओळखला जात होता तो घाट कायमचा गेला. दुसरा आकडा मराठी वाचकाच्या अधिक जवळचा आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी नाव जोडलेला नाशिकचा हिरा १८१८ मध्ये पेशवाईच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती लागला, तेव्हा सुमारे ९० कॅरटचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो ७८ कॅरटच्या आसपास आणला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घासून ४३.३८ कॅरटचा, आयताकृती पाचूच्या घाटाचा केला. आज तो समोर ठेवला तर पैलूंची परीक्षा करणारा कितीही निष्णात असो, विसाव्या शतकातला अमेरिकी दगड एवढेच तो सांगू शकेल. त्र्यंबकेश्वर त्यातून पुसले गेले आहे. पैलू ही साक्ष असेल तर पुन्हा घासणे म्हणजे साक्षीदाराचा जबाब बदलणे आहे, आणि तो परत मूळ स्वरूपात आणण्याचा कोणताही मार्ग नाही.

तेव्हा प्रत्यक्ष पाहायचे कसे? एक उदाहरण जवळून घेऊ : सोन्याच्या कोंदणात बसवलेला, तळाशी डाक म्हणजे चकाकणारा पातळ पत्रा दिलेला, नखाएवढा, पातळ, वरून जवळपास सपाट खडा. विदर्भातल्या जुन्या घरांतल्या बाजूबंदात, कलगीत, कुड्यांत असे खडे असतात, आणि बाजारात त्यांना सरसकट पोलकी म्हणून मोकळे होतात. दहापट भिंग घ्या आणि खडा सरळ न धरता तिरपा धरा, म्हणजे प्रकाश पृष्ठावरून घसरत जाईल. पहिली नजर कडेवर नको, मधल्या मोठ्या बाजूवर द्या. ती आरशासारखी असूनही तिच्यावर एका दिशेने जाणाऱ्या अतिसूक्ष्म समांतर रेघा दिसल्या तर ती चाकावर घासलेली आहे. रेघा नसून छोटे छोटे त्रिकोणी खळगे दिसले, तर ती स्फटिकाची मूळ त्वचा आहे. असे त्रिकोण हिऱ्याच्या आठ बाजूंवर वाढीच्या आणि झिजेच्या काळात आपोआप पडतात आणि त्यांची टोके बाजूच्या त्रिकोणाच्या उलट दिशेला असतात. ही खूण कोणी मुद्दाम करत नाही. दगडावर त्रिकोण असतील आणि शेजारी घासाईच्या रेघाही असतील, तर कारागिराने कुठे थांबायचे ठरवले ती सीमारेषाच तुम्ही पाहत आहात. मग कड पाहा : वेडीवाकडी, कुठे जाड कुठे धारदार असेल तर ती मूळ तुकड्याची कड आहे. असा चपटा दगड अनेकदा मूळ स्फटिकाच्या फुटण्याच्या पातळीवर चिरलेला पापुद्रा असतो, किंवा दोन स्फटिक उलटसुलट जुळून झालेला चपटा त्रिकोणी जोडदगड. चिरलेला पापुद्रा म्हणजे परब घाट. जोडदगडाच्या कडेला बारीक रेषांची माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते. या दोन्ही दगडांना खोल तळ देणे वजन वाया घालवल्याशिवाय शक्यच नव्हते, म्हणून प्रकाश तळातून निसटतो, आणि म्हणून खाली डाक हवा. डाक हा फसवणुकीचा प्रकार नाही, घाटाचाच उत्तरार्ध आहे. कोंदण काढून, डाक फेकून, नुसता दगड उजेडात धरून त्याला निस्तेज म्हणणे म्हणजे अर्धी रचना पाहून निकाल देणे.

टोकाच्या घाटाची परीक्षा आणखी नाजूक आहे, आणि इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. हिऱ्याची कठीणता सर्व दिशांनी सारखी नसते. आठ मूळ बाजू या घासायला सर्वांत अवघड. त्यांच्याशी अगदी समांतर ठेवून घासणे जवळपास अशक्य, म्हणून कारागीर दगड काही अंश कलवतो. परिणामी, ज्याला नैसर्गिक अष्टफलक म्हणून मिरवले जाते त्याच्या शेजारशेजारच्या बाजूंमधला कोन मोजला आणि तो साडेएकशेनऊ अंशांहून थोडासा हटलेला निघाला, वर रेघाही दिसल्या, तर ओर्ताच्या काळातला ग्राहक ज्याला निसर्गाने पैलू दिलेला म्हणत असे तो हा नव्हे. त्याच्यासारखा दिसावा म्हणून घासलेला हा दगड आहे. निसर्गाच्या रूपाला इतकी किंमत होती की त्याची नक्कल करणे परवडत होते, हा याचा अर्थ, आणि बाजार कोणत्या दिशेने चालत होता याचा तो पुरावाच मानावा लागतो.

आजच्या नकलांचे काय? प्रश्न खरा आहे. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना आज सुरतेत पैलू पडतात. तिथे लेझरने कापलेल्या नव्या पोलक्या, नवे गुलाबी घाट आणि जुन्या खाण घाटाची नवी प्रतिरूपे भरपूर निघतात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांतही निघतात. म्हणून घाटाचे नाव सांगणे आणि वय सांगणे ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दोन्ही एकाच दमात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. घाट फार तर एवढे सांगतो की दगड अमुक काळाच्या आधी असा घासला गेला नसेल. नंतर कधीही घासला गेला असेल. गुलाबी घाट एकोणिसाव्या शतकातही जोमात होता, आठ पैलूंचा साधा घाट लहान खड्यांना विसाव्या शतकातही देत असत. वय ठरवायला घाटाखेरीज इतर खुणा एकत्र याव्या लागतात : रेघांचा खडबडीतपणा, एका बाजूचे पैलू दुसऱ्या बाजूशी न जुळणे, पैलूंच्या धारांवर दुसऱ्या हिऱ्यांशी घासून पडलेले बारीक टवके, कोंदणाच्या सोन्याची जात, मागची मीनाकारी, डाकेचा रंग. लेझरने कापलेल्या कडेवर जळल्याचा पांढुरका किंवा काळपट थर आणि एकसारखी समांतर दातेरी खूण राहते. ती दिसली की बाकीच्या खुणा तपासायची गरज उरत नाही. जुनेपणा ठरवायला मात्र एकही खूण एकटी पुरेशी नाही, पण चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर त्यांचे म्हणणे ऐकावे. हा न्याय इतिहासाच्या कोणत्याही साधनाला आपण लावतोच.

वैरागडच्या बाबतीत या परीक्षेतून काय पदरात पडते, असे विचारले जाईल. पदरात पडते ते असे. वैरागड हिऱ्याचे उगमस्थान म्हणून प्रसिद्ध होते, पैलू पाडणाऱ्यांची पेठ म्हणून नव्हे. तिथला हिरा कच्च्या रूपात किंवा नाममात्र उजाळा देऊन बाहेर जात असणार, असे ओर्ताची नोंद आणि रत्नशास्त्रांची पसंती दोन्ही सुचवतात. म्हणून या भागातल्या जुन्या घराण्यांकडे, देवस्थानांकडे, विकत आलेल्या मोडीत, अशा दगडांकडे पाहताना सर्वांत कमी घासलेला दगड हा सर्वांत आधी बाजूला काढायचा दगड आहे. तो वैरागडचा आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण वैरागडचा दगड कधी सापडणारच असेल तर तो याच ढिगात असेल, आणि नेमका हाच ढीग आज ओबडधोबड म्हणून सर्वांत स्वस्तात जातो आणि सर्वांत आधी सुरतेच्या चाकावर चढतो. अभ्यास सुरू होण्याआधीच पुरावा संपत चालला आहे, ही माझी खरी काळजी आहे, आणि ती मला या विषयावर लिहायला भाग पाडते.

त्यामुळे पुढच्या पानांत घाटांची वर्णने शिडीच्या क्रमाने दिलेली नाहीत. सुरुवात स्फटिकापासून आहे : अष्टफलक, बारा बाजूंचा गोलसर स्फटिक, चपटा जोडदगड, चिरलेला पापुद्रा. प्रत्येक स्फटिकाखाली त्यातून वजन न गमावता कोणते घाट निघू शकत होते ते दिले आहे, आणि युरोपीय नावे त्यांच्या शेजारी, तुलनेपुरती आहेत. सराफ, सोनार आणि घरचा जुना दागिना हाती असलेला वाचक यांच्यासाठी एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती पुस्तक वाचून होईपर्यंत थांबू नये. कोंदण उघडण्यापूर्वी दागिन्याची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक खड्याची लांबी-रुंदी कोंदणात असतानाच मोजावी, कोणता खडा कोणत्या घरात होता त्याचा आराखडा काढावा, काढलेला डाक वेगळ्या पुडीत त्याच क्रमांकाने ठेवावा, आणि खड्याची न घासलेली बाजू कोणती होती ते लिहून ठेवावे. एवढी नोंद असेल तर पुढे दगड विकला गेला तरी अभ्यासकाच्या हाती काही राहते. आणि ती नोंद करायला एक भिंग, एक मोजपट्टी आणि तासाभराचा वेळ लागतो.